चित्रात नसलेली शेळी

दाजी गेल्याचा फोन खुद्द अक्काचाच आला. "सुमे, दाजी गेले गं तुझे," एवढंच म्हणाली आणि मी तोंड उघडायच्या आत, "गडबडीनं येऊ नको. गाडी मांजरसुंब्याला थांबली की काहीतरी खाऊन घे, इथं आज चूल पेटायची न्हाई." जिचा नवरा पहाटे झोपेतच गेला होता, ती माझ्या पोटाची काळजी करत होती. आणि मी अशी गुणाची, की मांजरसुंब्याला खरोखर उतरले आणि रडत रडत भजी खाल्ली. समोरचा माणूस मिरची लागली समजून सारखा पाण्याचा तांब्या पुढं करत होता...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सिरसाळ्यात त्यांचं वडिलोपार्जित किराणा दुकान. देश खुला झाला असं पेपरात यायला लागलं, तेव्हा त्याचा अर्थ दाजींनी दुकानाला आणखी एक बोर्ड लावायचा असा घेतला. आधी एसटीडी, मग झेरॉक्स, मग लग्नपत्रिका छापायला कॉम्प्युटर. गुळाच्या ढेपेशेजारी कॉम्प्युटर ठेवणारं तालुक्यातलं ते एकच दुकान असावं. मुंग्यांनाही कॉम्प्युटर तिथंच पहिल्यांदा बघायला मिळाला.

अक्का जवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. डोळ्यांच्या पडद्याचं दुखणं जडलं आणि नजर हळूहळू विझत गेली. बरेच दिवस शाळेत कुणाला पत्ता लागला नाही, कारण पुस्तक तिला तोंडपाठ होतं. धडा म्हणता म्हणता बरोबर जागी पान उलटायची. पण पुस्तक बदललं. नवं कोरं पुस्तक मांडीवर घेऊन, त्याचा वास घेत, ती ओसरीवर बसून राहिली. ते दृश्य मला अजून दिसतं. हेडसर वाईट माणूस नव्हते, पण म्हणाले, "बाई, दिवाळीपर्यंत बघू. न्हाई जमलं तर आपणहून राजीनामा द्या, मानानं जाल." घरी येऊन अक्का म्हणाली, "मान घेऊन काय करू? मला वर्ग पायजे."

दाजी पुण्याला गेले, अंधांसाठी काम करणाऱ्या लोकांना भेटले आणि एक सीडी अन् स्कॅनर घेऊन आले. पुस्तकाचं पान काचेवर पालथं घालायचं, मशीन त्याचा फोटो घेणार, त्यातली अक्षरं ओळखणार आणि इंटरनेटवर असतं तसं पान तयार करून देणार. धड्याचं नाव कुठलं, प्रश्न कुठले, सगळं वेगवेगळं. एक बटण दाबलं की थेट पुढच्या धड्यावर. दुसरा प्रोग्राम ते मोठ्यानं वाचून दाखवणार. आमच्याकडं इंटरनेट नव्हतंच, पान आपलं घरच्या घरीच राहायचं. मी तेव्हा बी.ए. होऊन, स्थळांची वाट बघत रिकामी होते, म्हणून आईनं मला मदतीला धाडलं. मशीननं ओळखलेली अक्षरं पुस्तकाशी ताडून बघायची, हे माझं काम. मशीनला आर आणि एन जवळजवळ आले की एम वाटायचा. अख्ख्या पहिल्या धड्यात सगळी माणसं एकमेकांना 'गुड मोमिंग' करत होती, आणि मी ते बिनदिक्कत पास केलं होतं. "मेहुणीबाई, ह्या मशीनचं आन् तुमचं शिक्षण एकाच कॉलेजातलं दिसतंय," दाजी म्हणाले.

पण खरी गंमत चित्रांची. चित्र आलं की तो प्रोग्राम अडून बसायचा. ह्या चित्रात काय आहे ते लिहा, म्हणायचा. मी कंटाळून प्रत्येक ठिकाणी 'पिक्चर' एवढंच लिहिलं. अक्का ऐकायला बसली. मशीन आपलं, पिक्चर... पिक्चर... पिक्चर.

"सुमे, पिक्चर हाय ते कळलं. कुठलं हाय ते सांग की! तिकीट काढून बसलेय मी."

तिथून चित्रं दाजींकडं गेली. त्या आवाजाला मराठी येत नव्हती, म्हणून दाजी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे आणि तो विलायती साहेब आमचं मराठी वाचायचा. 'हा म्हातारा अगदी तुझ्या बाबांसारखा, फक्त ह्याच्या खिशातून पैसे सुटतायत,' असलं काहीतरी साहेबाच्या तोंडून ऐकून अक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. कित्येक महिन्यांनी ते घर हसत होतं.

दिवाळी तोंडावर आली आणि हेडसर वर्गात येऊन मागं बसले. मी अक्काला सोडायला गेलते, व्हरांड्यात जीव मुठीत धरून उभी. धडा छान चालला. मग विहिरीवरच्या म्हातारीचं चित्र आलं. अक्कानं इंग्रजीत विचारलं, "म्हातारीच्या मागं शेळी आहे. तिला काय पाहिजे?"

मागून आवाज आला, "बाई, शेळी न्हाई."

"हाय की बे, ती बघ!"

"ते झुडूप हाय बे!"

हेडसरांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. अक्काचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, संपलं... पण ती लगेच म्हणाली, "बरं, शेळी नाही. मग गेली कुठं? कुणी नेली? पाच वाक्यं लिहा, इंग्रजीत." पोरं तुटून पडली. एकानं तर शेळी हेडसरांच्या परसात नेऊन बांधली. ते वाचून हेडसर इतके हसले, की बाहेर जाताना मलाच म्हणाले, "बाईंना सांगा, राजीनाम्याचं राहू द्या."

घरी आल्या आल्या अक्का कडाडली, "अवो, शेळी कावून घातली त्यात?"

दाजी खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, म्हातारी एकटीच उभी होती विहिरीवर. मला लई कसंतरी वाटलं."

तेव्हापासून नियम झाला, आधी खरं सांगायचं, मग आपलं. पुढं ती पानं सीडीवरून कुठं कुठं गेली. परवा भेटायला चकलांब्याहून एक दृष्टिहीन शिक्षक आले होते, विद्यार्थी असताना त्यांनीही तीच ऐकलेली. म्हणाले, "दाजींच्या मराठीवर मी इंग्रजी शिकलो." अक्का रिटायर होईपर्यंत शिकवत राहिली. अजूनही संध्याकाळी ओसरी पोरांनी भरते.

तेराव्यानंतर मी निघायचं म्हणत होते, तेव्हा अक्कानं विचारलं, "फोटोत कसे दिसतायत गं?" भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोसमोर तिनं आपला बोलणारा फोन धरून बघितला होता. फोन म्हणाला, चष्मा लावलेला माणूस. "ते काय मला म्हाईत न्हाई?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, अक्कानं बघितलेले दाजी चाळिशीच्या अलीकडचे. नंतरचे तिनं कधी पाहिलेच नाहीत. आणि दाजी तर तिला सांगत आलेले, अजून एकही केस पांढरा नाही म्हणून.

"केस?" तिनं विचारलं.

मी फोटोकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. "काळे," म्हणाले. "एकूण एक काळे."

"एकूण किती? टकलाला तेल मीच चोळत होते की गं इतकी वर्षं!"

ती मोठ्यानं हसली. पदरानं तोंड पुसून ती भिंतीकडं वळून बसली.

"आता नीट सांग. तुझी गाडी गेली तर जाऊ दे."

मी पिशवी खाली ठेवली, फोटोच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले आणि कपाळापासून सुरुवात केली.