गारांनंतरचा सांबार

सांबार, म्हणजे आमची कोथिंबीर, निवडताना बोटांना वास लागला की वाशीमच्या बाजारातली ती भाजीवाली आठवते. कुरकुर करणं हा तेव्हा माझा धंदाच होता. चिखलाचा, उकाड्याचा सगळा राग मी तिच्या जुडीवर काढला, "पानं फाटलेली, काड्या मोडलेल्या. असा कायले आणला व बाई?" जुड्यांवर पाणी शिंपडत ती म्हणाली, "काल आमच्या इकडं गारा पडल्या, ताई. समदे वाफे झोपले. पण वावराले असा वास सुटला, का मी डोक्यावर घमेलं धरून तठीच उभी राह्यली." हातचं पीक गेलेली बाई मला त्याच्या वासाचं कौतुक सांगत होती. आज सुनेने आणलेल्या जुडीतही निम्मी पानं फाटकी निघाली. बोलायला तोंड उघडलं, आणि मग जुडी नाकाशी नेली.