सुईणबाई आणि अंडीवाली

नवरा रिंगास्किडी या आयरिश बंदरातल्या औषध कारखान्यात, आणि माझ्या व्हिसावर काम करायला बंदी. तो सकाळी गेला की मी गावात चालत सुटे. रस्त्याच्या कडेला जागोजागी पाट्या आणि दगड होते, ते वाचत. पुलाच्या भिंतीत जुन्या पुराची रेघ. वळणावर इंग्रज शिपायांनी मारलेल्या पोरांची नावं. बंद दवाखान्यापाशी, अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेल्या सुईणीची पाटी. धक्क्यावर, बाजाराला अंडी घेऊन निघालेल्या आणि नाव उलटून बुडालेल्या एका बाईचा दगड. गावाचा सगळा इतिहास मला तोंडपाठ झाला होता. गावातल्या कुणाशी ओळख मात्र नव्हती.

आई दर रविवारी फोनवर विचारायची, "कुणी ओळखीचं झालं का गं?" बाबा गेल्यापासून तिची झोप उडाली होती. तिला आणखी घोर नको म्हणून मी सांगितलं, झाल्यात की दोघी मैत्रिणी. एक सुईण आहे, एक अंडी विकते. पण हे फक्त तिच्यासाठी होतं असंही नाही. त्या दोघींबद्दल बोलताना मलाच बरं वाटायचं.

संक्रांतीला आईने पुण्याहून येणाऱ्या एकाबरोबर त्यांच्यासाठी वाण पाठवलं, स्टीलच्या दोन वाट्या. प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या बोलीत कपाटात, मी त्या पार मागे सारल्या.

उन्हाळ्यात ती स्वतःच आली. एका सकाळी साखर शोधताना वाट्या तिच्या हाती लागल्या.

"दिल्या नाहीस?"

मी म्हटलं, चल, घेऊनच चल. तिने देवापुढची कुंकवाची डबीही पिशवीत टाकली. भुरभुर पाऊस होता. आधी सुईणीची पाटी दाखवली, मग धक्क्यावर नेलं. तिचं इंग्रजी बेताचं, म्हणून दोन्ही वाचून दाखवलं, साल, वय, सगळं. मग म्हणाले, "या दोघीच. दुसरं कुणी नाही."

आई रागावली असती तर बरं झालं असतं. कुत्रं फिरवणारा एक म्हातारा त्या पावसात 'ग्रँड डे' म्हणून पुढे गेला. मग तिने वाटी दगडापाशी ठेवली आणि डबी माझ्यापुढे धरली.

"तू लाव. मी आता कुणाला लावत नाही."

गेलेल्या बाईला कुणी वाण देत नाही, हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. मी ओल्या दगडाला बोट टेकवलं. कुंकू लगेच ओघळलं. परतताना सुईणीच्या पाटीखाली दुसरी वाटी ठेवली.

ती पुण्याला परतल्यावरच्या पहिल्या रविवारी फोन आला. मागे वहिनीचा आवाज येत होता. आई मोठ्याने म्हणाली, "काय गं, सुईणबाई बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं.

वहिनी आत गेली असावी. आईचा आवाज खाली आला. "आज बोललीस का कुणाशी?"

"नाही," मी म्हटलं.