आटोपशीर ओळख

भाचीच्या नोकरीच्या मुलाखतीत मी मध्येच तोंड घातलं. अगदी कॅमेऱ्यासमोर नेऊन घातलं.

भाची सावनेरची. स्पॅनिश शिकायला आमच्याकडे नागपूरला, रामदासपेठेत राहायची. मिहानमधल्या एका कंपनीला स्पॅनिश ग्राहकांशी फोनवर बोलणारी माणसं हवी होती. ही नोकरी नाही मिळाली तर मुकाट्यानं गावी परत यायचं, असं तिच्या बाबांनी बजावलं होतं. मुलाखत लॅपटॉपवर, आमच्याच घरून. आदल्या दिवशी मेल आला : स्वतःची ‘सक्सिंक्ट’ ओळख स्पॅनिशमध्ये करून द्या.

“सक्सिंक्ट म्हणजे काय जी, मामा? राहू द्या, मोबाईलवर पाहते.”

घरात मी असताना मोबाईल? मी खुर्ची पुढे ओढली. “आटोपशीर. शब्द कमी, पण महत्त्वाचं काही गाळायचं नाही. नुसतं आखूड बोललं म्हणजे सक्सिंक्ट होत नाही...” तिथून मी लग्नपत्रिकांवर गेलो, सरकारी परिपत्रकांवर गेलो आणि माझ्या निरोप समारंभातल्या भाषणावर येऊन स्थिरावलो. ते गाजलं होतं. निदान लांबलं तरी होतं.

“समजलं,” भाची म्हणाली. “स्पॅनिशमध्ये ‘सुसिंतो’.”

“बस? एवढंच?”

“एवढंच.”

दुसऱ्या दिवशी तिला धीर द्यायला म्हणून मी कॅमेऱ्याच्या बाजूला दबून बसलो. ती चार वाक्यं बोलली आणि थांबली. पडद्यावरचे साहेब मान खाली घालून काहीतरी लिहीत होते. माझा जीव कासावीस. आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा गाव, आजोळ, सोयरेधायरे निघाल्याशिवाय ओळख झाली असं कोणी मानत नाही. आणि हिच्या स्पॅनिशमध्ये सावनेरचं नाव ऐकू आलं नाही, आजोबांचंही नाही! महत्त्वाचंच गाळलं होतं पोरीनं. मी डोकं आत घातलं.

“नमस्कार साहेब. पोरगी लाजाळू आहे. सावनेरची. हिचे आजोबा तिथं मास्तर होते. अर्धा तालुका त्यांच्या हातचा मार खाऊन मोठा झाला. आपण कुठले?”

भाचीचा चेहरा पांढराफटक.

“काटोलचा,” साहेब गडबडून बोलून गेले.

“काटोल! मग तर आपलं नातंच निघते. आमच्या काकूचे मोठे भाऊ...”

“मॅडम,” साहेब तिला म्हणाले, “आमचे ग्राहकही असेच बोलत सुटतात. यांना स्पॅनिशमध्ये थांबवून दाखवा.”

भाचीनं माझ्याकडे वळून, हसून, स्पॅनिशमध्ये एकच वाक्य म्हटलं. मोठं गोड. मला ओ की ठो कळलं नाही, म्हणून मी गप्प झालो.

“छान,” साहेब म्हणाले. “पुढच्या फेरीला ऑफिसात या. एकट्याच या.”

लॅपटॉप मिटल्यावर मी कौतुकानं विचारलं, “काय म्हणाली वं मले?”

ती हसत हसत लॅपटॉपची वायर गुंडाळू लागली. उत्तर दारातून आलं, बायकोचं.

“तोंड बंद करा म्हणाली. मले स्पॅनिश येत नाही, तरी समजलं. तुम्हाले मराठीत काहून समजत नाही?”