न लागलेला थंब

रत्नागिरीजवळच्या एका गावात, पतसंस्थेच्या वरच्या हॉलमध्ये मी काजू कारखान्यातल्या बायकांना काजू शिकवत असे. हसू नका. सरकारी योजना होती, तीन महिन्यांचा सुपरवायझरचा कोर्स, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. माझ्याकडे अन्नप्रक्रियेची पदवी होती आणि काजू मी जन्मभर फक्त खाल्ले होते.

वर्गात पन्नाशीला टेकलेली एक बाई होती. वीसेक वर्षं तिने कटरवर काजूबिया फोडल्या होत्या. सकाळी कारखाना, दुपारी माझा वर्ग. मालकाने तिला सांगितलं होतं, प्रमाणपत्र आण, तुला सुपरवायझर करतो. म्हणजे बिया फोडणं बंद, टरफलातल्या तेलाने हात पोळणं बंद. तिला एवढंच हवं होतं.

पहिल्याच दिवशी मी एक गर उंच धरला आणि म्हटलं, "हा अख्खा काजू."

"नाय गो बाय," ती पुढच्या रांगेतून म्हणाली, "कड गेलीय त्याची. ह्यो तुकड्यात जातो."

वर्ग खदखदून हसला. तीही हसली, अगदी मायेने. मला मात्र ते 'गो बाय' झोंबलं. दुसऱ्या दिवसापासून ती मला मॅडम म्हणू लागली, पण मी डूख धरला तो धरलाच.

हजेरी थंबवर होती. दाराशी मशीन, त्यावर अंगठा टेकवायचा. तिचा थंब लागेना. त्या तेलाने कातडी सोलवटून बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. तिने खोबरेल लावून पाहिलं, लिंबू चोळलं, दहाही बोटं टेकवून झाली. ती अर्धा तास आधी येऊन मशीनपुढे उभी राहायची आणि मागच्या पोरी "मावशी, सरा ना" म्हणून ओरडायच्या. मशीन म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा. ती बिचारी पुन्हा प्रयत्न करायची.

याला उपाय होता. अशा लोकांची हजेरी वहीवर घेण्यासाठी एक अर्ज होता, त्यावर शिकवणाऱ्याची सही लागायची. पहिल्या आठवड्यातच तिने तो भरून माझ्या हातात दिला. मी तो टेबलाच्या खणात टाकला. म्हटलं, राहू दे चार दिवस, जरा जिरू दे हिची. चार दिवसांचे पंधरा झाले. तिने विचारलं की मी सांगायचे, "वर पाठवलाय." पुढे सही करावीशी वाटली, तोवर इतका उशीर झाला होता की वरच्यांनी मलाच जाब विचारला असता. मग मी तो खण उघडणंच सोडलं.

तिच्याकडून काम मात्र पुरेपूर करून घेतलं. गर न मोडता साल कशी काढायची, अर्धी फुटलेली पाकळी कुठली, बारीक कणी कुठली, सगळं तीच पोरींना दाखवायची आणि मी वहीत लिहायचे, 'प्रात्यक्षिक घेतले.'

परीक्षेला ती ठेवणीतली साडी नेसून आली. यादीत तिचं नाव नव्हतं. हजेरी शून्य दिवस. बाहेरून आलेल्या परीक्षकाने माझ्याकडे पाहिलं.

"नियम आहे, सर," मी म्हटलं. "अर्ज वर पाठवला होता."

त्याने मान हलवून पुढचं नाव पुकारलं. ती दारातच उभी होती. "अवो, पण मी तर रोज येत होती," ती म्हणाली. तिनेच शिकवलेल्या एका पोरीला प्रमाणपत्र मिळालं. महिन्याभरात ती पोर त्याच कारखान्यात तिची सुपरवायझर झाली.

मला वाटलं होतं, ती घरी येऊन शिव्या देईल. आली ती पिशवी घेऊन.

"तुमी माज्यासाठी किती धडपड केलीत," ती म्हणाली. "वरचे लोक ऐकत नायत, त्याला तुमी काय करनार, बाय?"

पिशवीत किलोभर काजू होते, तिने स्वतः निवडलेले. निदान तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी "कशाला आणलंत, मावशी?" म्हटलं आणि चहा टाकला. तिने कपबशी धरली तेव्हा बोटांची नवी सालपटं निघालेली दिसली.

ती गेल्यावर मी काजू ताटात ओतले आणि एकेक उलटून पाहिला. एकाचीही कड गेलेली नव्हती. आठवडाभरात मी ते सगळे खाल्ले.