हरवलेल्या म्हशीचा सातवा खर्डा

मामाची म्हैस मी घालवली, असं म्हणणं अन्यायाचं आहे. ती आपली आपण गेली. मी फक्त ती सापडू नये याची नीट व्यवस्था केली.

झालं असं, की वारणानगरजवळ मामाच्या गावी मी सुट्टीला गेलो आणि त्याच संध्याकाळी दावं तोडून म्हैस पसार झाली. मामानं अंधार पडेपर्यंत सगळा ऊस पालथा घातला. आठ दिवसांचं रेडकू भुकेनं ओरडत होतं आणि मामीच्या घशाखाली घास उतरेना. मलाही फार वाईट वाटत होतं.

"तू लेखक हायस न्हवं?" सकाळी मामानं स्वतःचा मोबाइल माझ्या हातात दिला. "मग पावण्यांच्या ग्रुपवर टाकाय चार वळी लिव्ह की!"

(लेखक म्हणजे, एका दिवाळी अंकात माझी एक कथा आली होती. पुढच्या वर्षी तो अंक बंद पडला.)

पहिला खर्डा दोन मिनिटांत झाला: 'म्हैस हरवली आहे. डावं शिंग मोडकं. सापडल्यास कळवा.' वाचून माझी मलाच लाज वाटली. ही काय भाषा झाली? बसलो घासायला! दुसऱ्या खर्ड्यात मोडकं शिंग गेलं (कुणाच्या व्यंगावर बोट ठेवू नये). तिसऱ्यात 'हरवली'च्या जागी 'सोडून गेली' आलं.

"झालं का न्हाय?" मामा सारखा डोकावत होता. "म्हैस बेळगावला पोचंल आता!"

सातव्या खर्ड्यात मजकूर नुसता लखलखत होता. भातातल्या खड्यासारखा एकच शब्द दाताखाली येत होता, तो म्हणजे 'म्हैस'. तोही काढला!

उरलं ते असं: 'आमच्या अंगणातली श्यामल, शांत, अबोल माउली काल सायंकाळी आम्हाला सोडून गेली. तिच्या मायेवर वाढलेलं घर आज पोरकं झालं आहे.' मोबाइलमध्ये फोटो एकच होता. पुढं मामी, मागं म्हशीचं शेपूट. शेपटानं चौकट बिघडत होती, म्हणून ते कापलं. खाली मामाचं नाव घातलं आणि दिलं पाठवून.

मामा पुन्हा उसात गेला. इकडं ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. फोनही वाजत होते, पण मी दाद वाचण्यात गुंग! "मामी, लोकांना भिडलंय बरं का!" मी ओरडून सांगितलं.

तेवढ्यात दारात जीप थांबली. मलकापूरहून मामीचा धाकटा भाऊ चार माणसं आणि पिठलं-भाताची पातेली घेऊन उतरला. (मयताच्या घरी चूल पेटत नाही ना!) "आक्काऽऽ!" म्हणून त्यानं हंबरडा फोडला.

मामी हात पुसत बाहेर आली. "काय रं? आन पातेलं कशाचं आणलंस?"

तो मटकन खालीच बसला. "आक्का, तू हायस?"

"हाय की! मग तुज्याम्होरं कोण हुबं हाय?"

त्यानं मोबाइल पुढं केला. मामीनं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"तरी मी गाडीत म्हनत हुतो," भाऊ डोळे पुसत म्हणाला, "ह्यात 'अबोल' काय बसंना!"

मामीनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि एका बोटानं लिहिलं: 'मी जित्ती हाय. म्हैस हरवलीया. डावं शिंग मोडकं. गवळण म्हनलं की मान वाकडी करून बगती. रेडकू उपाशी हाय.' शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्या पहिल्या खर्ड्यात ते नव्हतं आणि सातव्यात तर नव्हतंच.

तासाभरात शेजारच्या गावचा एक शेतकरी म्हैस घेऊन हजर झाला. रेडकू आचळाला लुचलं आणि मामी ढसाढसा रडली.

"कालपासनं माज्याच गोठ्यात हुती की," तो उसातून परतलेल्या मामाला म्हणाला. "सकाळचा मेसेज बी फिरत फिरत आलता. हिच्या शेजारी हुबा ऱ्हाऊनच वाचला. लई रडू आलं बगा! हिला वैरण टाकली आन तुमास्नी श्रद्धांजली धाडली."

मामानं माझ्याकडं असं काही बघितलं, की मी गोठ्याआड सरकलो. पण तो शेतकरी चहा पिऊन निघाला, तेव्हा मी त्याला फाटकापाशी गाठलंच.

"पावणं," मी हळूच विचारलं, "रडू नेमकं कुठल्या वाक्याला आलं?"