विम्याच्या दरातला हात

सातपूरच्या ज्या हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे, तिथे माझे निम्मे पेशंट कारखान्यांतले असायचे. कुणाची पाठ, कुणाचा खांदा, पण जास्त करून हात. खर्च कामगार विम्यातून यायचा, आणि प्रत्येक उपचाराचा दर वरून ठरलेला. तो बरीच वर्षं वाढला नव्हता, बिलंही रखडायची. हॉस्पिटलचे मालक, आमचे सर, त्यावरून वैतागायचे. मी फारसं मनावर घ्यायचे नाही.

गेल्या हिवाळ्यात चांदवडकडचा एक प्रेस ऑपरेटर आला. उजव्या हाताची तीन बोटं पत्रा दाबणाऱ्या मशीनमध्ये सापडली होती. ऑपरेशनमध्ये बोटं मिटवणाऱ्या आतल्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, जोडल्या होत्या. असा हात रोज बेतानं हलवावा लागतो. जोर पडला तर टाका सुटतो, हलवलाच नाही तर बोटं कायमची आखडतात. त्याची बायको सोबत यायची आणि माझ्या हातांकडे टक लावून बघायची.

उपचार निम्म्यावर आले असताना सरांनी बोलावलं. "सोमवारपासून विम्याचे पेशंट बंद. या दरात तुमचे पगारसुद्धा निघत नाहीत."

"सर, तो हात मध्येच सोडला तर गेला."

"मला आवडतंय का हे?"

ते खोटं बोलत नव्हते. आमचा पगार उशिरा होत होता.

मी त्याला विम्याच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथे एवढी गर्दी, की लांबची तारीख मिळाली. घरी माझं कशात लक्ष लागेना. जेवताना मी आपलीच बोटं मिटत-उघडत होते. नवरा म्हणाला, "एकदा जाऊन बघून ये, म्हणजे तरी स्वस्थ बसशील."

रविवारी स्कूटर काढून अंबडला त्यांच्या खोलीवर गेले. बायको म्हणाली, "मला शिकवा ना ताई. बघून बघून समजलंय, पन हात लावायला भ्या वाटतं."

भीती मलाही होती. टाका सुटला तर? तरी तिचा हात धरून दाखवलं. तिनं पहिलं बोट हळूच मिटवलं. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"ओढ बसती का दुखतंय? नीट सांगा," ती त्याला म्हणाली.

"ओढच बसती. लय नाय."

मग रोज संध्याकाळी व्यायाम दाखवायला तिचा व्हिडिओ कॉल. फोन खाली ठेवलेला, म्हणून बराच वेळ नुसतं छतच दिसायचं. एके दिवशी कॉल आलाच नाही, फोनही लागेना. मी तडक अंबडला गेले, तर दाराला कुलूप. जिन्यावर उभी राहून परत परत फोन लावत राहिले. शेवटी लागला. दोघं लग्नाला गावी पोचले होते.

"अहो, सांगायचं तरी!" मी ओरडलेच.

ती हसली. "बसमधी पन केलं ना ताई, पार चांदवडपर्यंत!"

शेवटी दोन बोटं पुरती मिटायला लागली. मधलं अर्धवटच राहिलं. कारखान्यानं त्याला प्रेसवरून काढून पॅकिंगला घेतलं. सरांनी एकदा जाता जाता विचारलं, "त्या चांदवडवाल्याचं काय झालं?" मी सांगितलं. "दर वाढले की विम्याचे पेशंट परत घेऊ," ते म्हणाले आणि राउंडला गेले.

दर अजून तेच आहेत. हल्ली रिसेप्शनपाशी हाताला पट्टी बांधलेला कुणी दिसला, की मी त्याच्या हाताआधी त्याचं कार्ड कुठलं ते बघते. विम्याचं असलं, तर त्याला तिथूनच परत पाठवतात, आणि तो बाहेर पडेपर्यंत मला खुर्चीत बसवत नाही.