वीणा खाली ठेवायची नसते

माझा धाकटा भाऊ मुंबईत बास गिटार वाजवतो. चार जाड तारांची गिटार. ती गाण्यात असते, पण फोनवर गाणं लावलं तर ऐकू येत नाही. जळकोटात, माझ्या सासरी, बायका विचारायच्या, "तुमचा भाऊ सिनेमात वाजवतो म्हणं. दावा की कुठं वाजवलंय." मी फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवायची, म्हणजे आवाज मोठा होतो. बासरी यायची, ढोलकी यायची, गाणारी बाई यायची. भाऊ यायचा नाही. एकदा जाऊ म्हणाली, "नुसता धरून उभा राहत असंल." मी तिला दोन शब्द सुनावले. पण मलाही तसंच वाटायचं.

धरून उभं राहणं त्याला नवीन नव्हतं. आमचं माहेर लोह्याजवळ. गावात हरिनामाचा सप्ताह बसला की संपेपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नाही. कुणीतरी ती गळ्यात घालून, तार छेडत उभं राहायचं. त्याचा पहारा संपला की दुसरा येणार, पाया पडणार, मग वीणा त्याच्या गळ्यात. लोक कीर्तन करणाऱ्या महाराजांकडं बघतात, पखवाजवाल्याकडं बघतात. वीणेवाल्याकडं कुणी बघत नाही. माझ्या भावाला तेच आवडायचं. बाकीचे पहारा चुकवायचे, हा दुसऱ्याचाही घ्यायचा. मी भाकरी घेऊन जायची आणि ताटकळत बसायची. त्याची एक खोड होती. वीणा देताना पुढच्याचं बोट तारेवर पडेपर्यंत हा आपलं बोट काढायचा नाही. क्षणभर दोघंही वाजवायचे. म्हातारे खेकसायचे, "सोड की रे, तो काय पळून चाललाय का?"

पुढं नांदेडला शिकायला गेला आणि एका ऑर्केस्ट्रात शिरला. तिथल्या बास गिटारवाल्याला नोकरी लागली, त्याची गिटार याच्या गळ्यात आली. ती घेऊन पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी माहेरीच होते. आईनं गिटारीला हळदकुंकू लावलं. तो जेवायला बसला तशी वडिलांनी ती आपल्या गळ्यात घातली आणि उभे राहिले. खाली कशी ठेवायची? वडील दमले तेव्हा मी घेतली. लई जड होती. शेजारचे काका आले, मग त्यांनी. आम्ही पाळीपाळीनं धरली आणि हा खाली मान घालून वरण-भाकरी खात बसला. ती खाली ठेवलेली चालते हे त्यानं सांगितलं नाही. खूप वर्षांनी मी विचारलं, "का रं सांगितलं न्हाईस?" तर म्हणाला, "अक्का, तसं पुन्हा कुणी धरलं न्हाई."

मुंबईत त्यानं सगळं वाजवलं. सकाळी साबणाची जाहिरात, दुपारी देवाची गाणी, रात्री हॉटेलात जॅझ. बोटीवर वाजवायला परदेशी जाऊन आला. कॅसेटवर गाणाऱ्याचा फोटो असायचा, याचं नावसुद्धा नसायचं. जॅझ म्हणजे काय, मी विचारलं होतं. "भजन रंगात आलं की बुवा चाल सोडून आपल्या मनानं हिंडतात ना, तसं."

"आन् तू?"

"मी वीणेवाला. बुवा परत येईस्तोवर जागा धरून राहायची."

मला हे कळलं. ऐकायला मात्र मिळालं नाही. मुंबईला मी गेले नाही. गुरं होती, घरचं आजारपण होतं. तो येतो म्हणायचा, आणि ऐनवेळी काम निघायचं.

आता माझे कान गेलेत. लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज मागं राहतात. चिमण्या गेल्या, कुकरची शिट्टी गेली. नातवंडं ओरडतात ते तोंडावरून समजतं. भाऊ ऐकायचा राहिला तो राहिलाच, असं धरून चालले होते.

मग यंदा शेजारच्या पोरीची हळद होती. भर दुपारी डीजेच्या पेट्या आल्या, माणसाएवढ्या. वाजायला लागल्या तशी आमच्या फळीवरची भांडी हलली. माझ्या छातीत धडधड झाली. जाड आवाज! मी काठी घेतली आणि डीजेवाल्याकडं गेले. भावानं वाजवलेलं एक जुनं गाणं मला ठाऊक होतं, ते लाव म्हटलं.

बायका हसल्या. "आज्जीला नाचायचंय!"

"नाचते. आधी लावू दे."

लावलं. मी पेटीवर हात ठेवला. बाई गात होती ती मला आली नाही. तो आला. सगळ्यांच्या खालून, घाई न करता, पहाऱ्याला उभा असल्यासारखा. अर्ध्यावर डीजेवाल्यानं दुसरं गाणं घुसवलं.

"शेवटपर्यंत वाजव."

"आज्जी, शेवट कुणी वाजवत न्हाई. लोक पांगतेत."

"पांगू दे."

मी काठी रोवून तिथंच उभी राहिले. त्यानं कपाळाला हात लावला आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. शेवटाला सगळी वाद्यं थांबली. त्याची एक तार तेवढी थांबली नाही. कुणीतरी येऊन हात ठेवायची वाट बघत राहिली. कुणी आलं नाही. मग संपली.

त्या दिवशी मी नाचले नाही. घरी येऊन फोन लावला.

"ऐकलं तुझं."

"कुठलं?" एवढं मला आलं.

मी सांगितलं. तो काही बोलला, मला आलं नाही. मी मोठ्यानं म्हटलं, "गावात आता वीणा धरायला माणूस मिळंना. पैसे देऊन लावतेत. सप्ताहाला ये. गिटार पण आण. तू जेवायला बसलास की मी धरते."

तो बराच वेळ बोलत होता. त्याचा आवाज फोनमध्ये बारीक होऊन येतो. होय म्हणाला की बघतो म्हणाला, मला कळलं नाही. सुनेला फोन द्यावा, ती ऐकून सांगेल, असं मनात आलं. दिला नाही. तो बोलायचा थांबेपर्यंत मीच धरून उभी राहिले.